नंबर लिहून ठेवा

मंडळी, पोलीस ठाणे म्हटलं की आपण दचकतो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपले वाडवडील सांगत आले. त्यांचं खरं आहे. पण वेळ कुणालाही येते. पायरी चढावी लागलीच, तर उतरताना हातात कागद असावा. तो कागद कसा मागायचा, ते या पाठात पाहू.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

आमच्या शाळेत शिकून गेलेला एक मुलगा. बांधावरून भाऊबंदकीत मारामारी झाली. त्याचं नाव फिर्यादीत आलं. तीन वर्षं तो तारखांना गेला. शेवटी कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. घरी पेढे वाटले. निकालाची नक्कल मात्र कुणी घेतली नाही. "सुटलो, आता कागद कशाला?" असं सगळ्यांना वाटलं.

सात वर्षं गेली. त्याला ड्रायव्हरची नोकरी लागायची होती. पडताळणीच्या कागदावर जुन्या केसचा उल्लेख आला. तो धावत आमच्याकडे आला.

"गुरुजी, मी तर सुटलोय!"

"निकालाचा कागद कुठाय?"

"न्हाई घेतला."

"केसचा नंबर काय होता?"

"नंबर कुठला ठावं! यल्लम्माच्या जत्रेच्या आधी निकाल लागला, एवढं ध्यानात हाय."

जतची जत्रा दरसाल येते. जत्रेवरून दप्तरातला कागद सापडत नाही. चार दिवस ट्रंका धुंडाळल्या. शेवटी जामिनाचा एक चुरगळलेला कागद मिळाला. त्यावर केसचा नंबर होता. अर्ज केला, नक्कल मिळाली. पण तोवर नोकरीची मुदत निघून गेली होती. नंबर हाताशी असता, तर ती वेळ आली नसती. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो: तारीख आणि नंबर वहीत लिहून ठेवा.

दोन नंबर

पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला की त्याला नंबर पडतो. त्याला गुन्हा रजिस्टर नंबर म्हणतात. कागदावर तो 'गु.र.नं.' असा लिहितात. नंबराच्या पुढे साल असते. नंबर दरसाल एकपासून सुरू होतो. म्हणून साल नसलेला नंबर अर्धाच समजावा.

प्रकरण कोर्टात गेलं की तिथं दुसरा नंबर पडतो. खालच्या फौजदारी कोर्टात बहुतेक केसेसना 'आर.सी.सी. नंबर' असतो. कोर्टाच्या संगणकात प्रत्येक केसला आणखी एक सोळा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. त्याला सी.एन.आर. नंबर म्हणतात. तो मोबाईलवर ई-कोर्टच्या पानात घातला, की पुढची तारीख आणि केसची स्थिती दिसते.

फिर्यादीची नक्कल

१ जुलै २०२४ पासून देशात नवा फौजदारी कायदा लागू आहे. त्याचं नाव भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. फिर्याद कशी घ्यायची, ते त्याच्या कलम १७३ मध्ये सांगितलं आहे. आपण तोंडी सांगितलं तर पोलिसांनी ते लिहून घ्यायचं, आपल्याला वाचून दाखवायचं, मग आपली सही घ्यायची. नक्कल लगेच द्यायची आणि फुकट द्यायची. ती फिर्याद देणाऱ्याला मिळते. ज्याला इजा झाली किंवा ज्याचं नुकसान झालं, त्यालाही मिळते.

इथं आपल्या अक्षरओळखीचा खरा उपयोग आहे. पूर्वी आपण अंगठा देत होतो आणि कागदात काय आहे ते दुसरा सांगत होता. आता सही करण्याआधी चार गोष्टी स्वतः वाचा: आपलं नाव, तारीख, जागा आणि काय घडलं. चुकलं असेल तर तिथंच सांगा. सही झाल्यावर दुरुस्ती अवघड असते.

पुष्कळदा एक घोटाळा होतो. शिवीगाळ, धमकी अशा किरकोळ बाबतीत पोलीस 'अदखलपात्र' नोंद करतात. तिला एन.सी. म्हणतात. अशा बाबतीत कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करीत नाहीत. हातातला कागद फिर्यादीचा आहे की एन.सी.चा, हे मथळा वाचून पाहावं.

आपला तालुका सीमेवरचा. समजा, उमदीकडचा एक शेतकरी विजापूरच्या बाजाराला गेला आणि तिथं त्याची मोटारसायकल चोरीला गेली. तो परत येऊन उमदीच्या पोलीस ठाण्यात फिर्याद देऊ शकतो. 'गुन्हा आमच्या हद्दीत नाही' एवढ्या कारणानं ती नाकारता येत नाही. ती शून्य नंबरानं नोंदतात आणि ज्या ठाण्याची हद्द आहे तिकडं पाठवतात. खरा नंबर तिथं पडतो. म्हणून दोन्ही नंबर मागून घ्यावेत. विमा कंपनी पहिल्यांदा फिर्यादीची नक्कलच विचारते.

ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही तर? तोच मजकूर लिहून सांगलीला जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पोस्टानं पाठवावा. पोस्टाची पावती जपावी. तिथंही काही झालं नाही, तर कोर्टाकडे अर्ज करता येतो.

नक्कल हरवली तरी घाबरू नका. फिर्याद नोंदल्यावर चोवीस तासांत ती पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावी, असा सुप्रीम कोर्टाचा हुकूम २०१६ साली झाला आहे. स्त्रियांवरील अत्याचार, लहान मुलांवरील अत्याचार अशा नाजूक फिर्यादी मात्र तिथं ठेवत नाहीत.

तपास कुठवर आला, हेही विचारता येतं. नव्या कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांत पोलिसांनी तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे.

कोर्टातील कागद

तपास संपला की पोलीस कोर्टात दोषारोपपत्र देतात. आपण त्याला चार्जशीट म्हणतो. त्यात फिर्याद, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब असतात. आरोपी कोर्टात हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याला याच्या नकला फुकट द्यायच्या असतात. पीडितानं वकील दिला असेल, तर त्यालाही मिळतात. पोलिसांची तपासाची डायरी मात्र मागून मिळत नाही.

निकालात कैदेची शिक्षा झाली, तर आरोपीला निकालाची एक प्रत लगेच फुकट मिळते. सुटका झाली तर आपण होऊन अर्ज करावा लागतो. अर्जाला कोर्ट फी स्टँप लावतात आणि पानांप्रमाणे खर्च भरतात. जी प्रत मिळते तिला सहीशिक्क्याची नक्कल म्हणतात. साधी झेरॉक्स सगळीकडे चालत नाही, ही चालते.

नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच करावा. त्याचं कारण आहे. खालच्या कोर्टाच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवसांची मुदत असते. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्या मुदतीत धरत नाहीत. पण अर्ज करायला आपण लावलेला उशीर धरतात. नक्कल तयार असताना आपण आणायला गेलो नाही, तर तेही दिवस धरतात.

अर्ज मराठीत लिहावा. नमुना असा:

मे. न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग, जत यांचे कोर्टात
विषय : निकालपत्राची सहीशिक्क्याची नक्कल मिळणेबाबत.
केस नंबर : आर.सी.सी. ……/……
पक्षकारांची नावे : ……
निकालाची तारीख : ……
मी वरील केसमध्ये आरोपी / फिर्यादी आहे. मला निकालपत्राची नक्कल …… या कामासाठी हवी आहे. खर्च भरण्यास मी तयार आहे.
अर्जदाराची सही, नाव, गाव, तारीख.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक तिथं द्या. दुसरीवर पोच घ्या.

केसशी संबंध नसलेल्या माणसालाही अर्ज करता येतो. पण त्याला कारण लिहावं लागतं, आणि द्यायचं की नाही ते कोर्ट ठरवतं.

माहितीचा अधिकार

१२ ऑक्टोबर २००५ पासून देशात माहिती अधिकाराचा कायदा पुरा लागू झाला. पोलीस कचेरीतील माहिती त्याखाली मागता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. दारिद्र्यरेषेखालील माणसाला ही फी नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. माणसाच्या जिवाचा किंवा सुटकेचा प्रश्न असेल, तर अठ्ठेचाळीस तासांत. उत्तर आलं नाही, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करावं. तपासाला अडथळा येईल अशी माहिती मात्र नाकारता येते. कोर्टातील केसच्या नकलांसाठी हा रस्ता नाही. तिथं कोर्टाचाच नकलेचा अर्ज करावा.

एवढं सगळं एकट्याला जमत नसेल, तर जतच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे विचारा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीतील माणसं यांना वकिलाची मदत मोफत मिळते. गरिबांनाही मिळते. १५१०० या नंबरावर फोन करूनही मदत मागता येते.

जुन्या कागदाचे मोल

कुणी म्हणेल, पोलिसाचा कागद घरात ठेवणं म्हणजे अपशकुन. तसं नाही. १९४२ नंतर जुन्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांच्या पुढारपणाखाली प्रतिसरकारची चळवळ झाली. आजच्या सांगली जिल्ह्यातला वाळवा, तासगावचा भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. आपलं जत तेव्हा डफळ्यांचं संस्थान होतं. चळवळीतल्या कित्येकांवर वॉरंटं निघाली, कित्येक तुरुंगात गेले. पुढं १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केलं. पुरावा काय मागितला? तुरुंगाचा दाखला, नाहीतर फरारी म्हणून काढलेला हुकूम. ज्यांचे कागद सापडले त्यांचं काम सोपं झालं. ज्यांचे सापडले नाहीत, त्यांना बरोबरच्या कैद्यांचे दाखले गोळा करीत फिरावं लागलं. एके काळी ज्या कागदाची भीती होती, तोच पुढं मानाचा पुरावा ठरला.

कोर्टाचं दप्तरही कायम राहत नाही. पुष्कळसे कागद नियमाप्रमाणे काही वर्षांनी काढून टाकतात. म्हणून आपली प्रत आपल्या घरी असावी.

त्या ड्रायव्हर मुलाची आई आमच्या रात्रीच्या वर्गात सही करायला शिकली. तिनं आता घरातल्या वहीच्या पहिल्या पानावर पोराच्या केसचा नंबर, साल आणि निकालाची तारीख स्वतःच्या हातानं लिहिली आहे. अक्षर वाकडं आहे, पण आकडे बरोबर आहेत. आम्ही ते तपासून पाहिले.

आता हे करा

१. 'गु.र.नं.' म्हणजे काय? त्याच्यापुढे साल का लिहावं?
२. फिर्यादीची नक्कल कुणाकुणाला फुकट मिळते?
३. निकालाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी का करावा?
४. वरचा नमुना अर्ज आपल्या वहीत उतरवून काढा.
५. घरात ठाण्याचा किंवा कोर्टाचा एखादा कागद असेल, तर त्यावरचा नंबर, साल आणि तारीख शोधून वहीत लिहा.