नववीत नाटक घेतलं तर काय बिघडतं?

आठवीचा निकाल लागला की आयसीएसई आणि केंब्रिज बोर्डाच्या शाळांमधले पालक दरवर्षी एकच प्रश्न घेऊन येतात. ‘ही म्हणते ऐच्छिक विषय नाटक घेणार. आम्ही म्हणतो कॉम्प्युटर घे. सगळीकडे एआय येतंय, उद्या इंजिनीअरिंगला अडचण आली तर?’ मुलगी शेजारीच बसलेली असते. तिला मात्र कोणी बोलू देत नाही.

स्पष्ट सांगतो, काहीही अडचण येत नाही. इंजिनीअरिंगची जेईई भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितावर होते. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटातही हेच तीन विषय असतात. प्रवेशाची पात्रता बारावीच्या विषयांवर ठरते. दहावीला जावा शिकली होती का, हे कोणी विचारत नाही आणि प्रोग्रामिंग तर पहिल्या वर्षी शिकवतातच. मुलीला कॉम्प्युटरची खरोखर आवड असेल तर तिने तो जरूर घ्यावा. माझा विरोध आहे तो भीतीपोटी घेतलेल्या कॉम्प्युटरला. याच भीतीने तिला आठवीपासून फाउंडेशन बॅचला घातलेलं असतं. म्हणजे गणित-विज्ञान शाळेत आणि तेच पुन्हा क्लासमध्ये. चार जणांसोबत उभं राहून काही घडवायची एकच जागा तिच्या आठवड्यात उरली होती, तीही आपण काढून घेतो.

‘नाटक म्हणजे गॅदरिंगच ना?’ असंही विचारतात. केंब्रिजच्या आयजीसीएसई नाटक विषयात विद्यार्थ्याला एक सादरीकरण एकट्याने करावं लागतं आणि दोन गटाने. त्या दोनपैकी एक लिखित नाटकातलं असतं, दुसरं मुलांनी स्वतः रचलेलं. शिवाय लेखी परीक्षा असते. तिथे अमुक प्रवेश तुम्ही कसा बसवाल, पात्र कुठे उभं कराल आणि का, हे लिहून पटवावं लागतं. आयसीएसईत नाटक तिसऱ्या गटात येतं आणि त्या गटातल्या विषयांचे निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, त्यामुळे काम वर्षभर चालतं. सोपे मार्क मिळतील म्हणून नाटक घेणारी मुलं इथे फसतात. स्वतःच्या निर्णयाचं कारण लिहिता येणं, दुसऱ्याचं ऐकून आपला आराखडा बदलणं आणि ठरल्या तारखेला ठरलेलं उभं करणं ही या विषयाची खरी शिकवण आहे.

मग डॉक्टरांचा दाखला येतो. ‘डॉ. लागूंनीही आधी डॉक्टरकीच केली ना?’ हा इतिहास पालक सोयीने अर्धाच सांगतात. श्रीराम लागू पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकत असतानाच नाटकं करत होते. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे याच कॉलेजचे. एक बालरोगतज्ज्ञ झाले, दुसरे मनोविकारतज्ज्ञ, आणि ‘घाशीराम कोतवाल’ 1972 साली रंगमंचावर आलं तेव्हा दोघेही त्यात होते. पदवी हातात पडेपर्यंत यांतल्या कोणी नाटक थांबवलं नव्हतं. लागूंनी 1969 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, कान-नाक-घशाची शस्त्रक्रिया सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली. तोवर त्यांच्यामागे दोन दशकांचा सराव होता. ‘आधी करिअर, मग छंद’ म्हणणाऱ्यांनी त्यांचं नाव घेऊ नये.

याच्या उलट टोकाचे पालकही भेटतात आणि त्यांची मला जास्त काळजी वाटते. मुलगा लाजाळू आहे, बोलका व्हावा म्हणून त्याला नाटक द्यायचं. किंवा मुलगी दिसायला चांगली, मालिकेच्या ऑडिशनला नेता येईल म्हणून द्यायचं. कृपा करून हे करू नका. ज्या मुलाला गर्दीसमोर घाम फुटतो, त्याला मार्कांसाठी दोन वर्षं गर्दीसमोर उभं करणं ही शिक्षा आहे. आणि चौदाव्या वर्षी ऑडिशनच्या रांगांत नाकारलं जाणारं मूल तो नकार स्वतःच्या चेहऱ्याशी जोडतं. त्याचा हिशोब पालकांना पुष्कळ वर्षांनी लागतो.

त्या लाजाळू मुलाला नाटकाची ओढ असलीच, तर त्याच्यासाठी एक वाट आहे. तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. इंग्लंडमध्ये जीसीएसईला नाटक घेणारा विद्यार्थी अभिनयाऐवजी प्रकाशयोजना, ध्वनी, वेशभूषा किंवा नेपथ्य निवडून त्यावर गुण मिळवू शकतो. आपल्या शाळांत मात्र पडद्यामागचं काम ‘ज्याला काम मिळालं नाही’ त्याला देतात. मोठी चूक आहे ही. प्रकाशयोजना करणाऱ्याला वीज, कोन आणि रंग समजावे लागतात. नेपथ्यकाराला मापात चित्र काढावं लागतं, आणि तेही तासाभरात उभं होऊन ट्रकमध्ये मावेल असं. मराठी व्यावसायिक रंगभूमी दौऱ्यांवर जगते, म्हणून तिथे या माणसांना किंमत आहे. वास्तुकला, इंटिरिअर, प्रदर्शन उभारणी, कार्यक्रमांचं ध्वनिसंयोजन ही पुढची कामंही याच हातांची. तुमचं मूल गॅदरिंगला माइकच्या वायरींपाशीच रमत असेल, तर त्याच्याशी यावर बोला.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात. पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय या वाटा आहेत. दिल्लीला आधी पदवी लागते. दहावीला नाटक असलंच पाहिजे, अशी अट यांपैकी कुठेच नाही. आपल्या एसएससी बोर्डात असा पेपर नाही, पण राज्य शासनाची बालनाट्य स्पर्धा आहे. शाळा त्यात उतरते का, ते विचारा.

नाव नोंदवण्याआधी शाळेत जाऊन एवढं तपासा. नाटक शिकवायला स्वतंत्र शिक्षक आहे का? मागच्या वर्षीच्या मुलांच्या वह्या बघायला मिळतील का? तालमीचे तास वेळापत्रकात छापलेले आहेत की परीक्षा जवळ आली की ते गणिताला जातात? उत्तरं गुळमुळीत आली, तर त्या शाळेत नाटक घेऊ नका, चित्रकला किंवा संगीत घ्या. उत्तरं नीट मिळाली, तर फॉर्म मुलीच्या हातात द्या आणि तिलाच भरू द्या.