काही संकेतस्थळे उघडतात, काही उघडत नाहीत : घरगुती इंटरनेटचे दोषनिदान

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत आज रात्री संपावयाची आहे आणि शिक्षक घरी संगणकापुढे बसले आहेत, असे समजा. वर्तमानपत्रांची संकेतस्थळे उघडतात, चित्रफितीही चालतात. परंतु ज्या संकेतस्थळावर अर्ज दाखल करावयाचा, त्याचा पडदा कोराच राहतो. घरातील मंडळी ‘इंटरनेट बंद पडले’ असे म्हणून मोकळी होतात. मग तारा काढून पुन्हा लावल्या जातात, राऊटरवरील कळ दाबून त्याची सारी मांडणी पुसली जाते आणि जी संकेतस्थळे चालत होती, तीही बंद पडतात. मूळ दोष मात्र जागच्या जागी राहतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह देशातील मोजक्या महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली, तेव्हा ती थोड्यांच्याच वापरातली होती. आज सातबाराच्या उताऱ्यापासून विद्यार्थ्यांच्या प्रवेशापर्यंत अनेक कामे तिच्यावर अवलंबून आहेत. म्हणून या बिघाडाचे प्राथमिक निदान करता येणे हे शिक्षक व पंचायत सदस्य यांनाही अगत्याचे झाले आहे.

दोषाचे स्थान

काही संकेतस्थळे उघडत असतील, तर घरापर्यंत आलेली वाहिनी चालू आहे हे उघड आहे. दोष चारपैकी एका ठिकाणी असतो : आपल्या उपकरणात, घरच्या राऊटरमध्ये, सेवापुरवठादाराच्या जाळ्यात, किंवा त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या यंत्रणेत. तो नेमका कोठे आहे हे ठरविण्यास दोन साध्या तुलना पुरतात.

पहिली तुलना अशी : मोबाईलचे वायफाय बंद करून, मोबाईलच्या स्वतःच्या डेटावर तेच संकेतस्थळ उघडून पाहावे. तेथेही ते उघडले नाही, तर दोष बहुधा संकेतस्थळाच्या बाजूस असतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद होत्या. त्या काळात घरच्या राऊटरची कितीही खटपट केली असती, तरी उपयोग झाला नसता. अशा वेळी थांबणे हाच उपाय होय.

मोबाईल डेटावर संकेतस्थळ उघडले, तर दुसरी तुलना करावी. घरच्याच वायफायवर दुसरे एखादे उपकरण जोडून पाहावे. त्यावर संकेतस्थळ उघडले, तर दोष पहिल्या उपकरणात आहे. कोणत्याच उपकरणावर उघडले नाही, तर तो राऊटरमध्ये किंवा सेवापुरवठादाराकडे आहे. यापुढील प्रत्येक पायरीवर एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम कागदावर टिपावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही.

उपकरणातील दोष

प्रथम ब्राउझरची खासगी खिडकी किंवा दुसरा ब्राउझर वापरून पाहावा. तेथे संकेतस्थळ उघडले, तर जुनी साठवण किंवा एखादे जोडसाधन आड येत आहे असे समजावे. व्हीपीएन चालू असल्यास बंद करून पाहावे.

यानंतर संगणकाचे घड्याळ तपासावे. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखविते आणि त्या प्रमाणपत्रास मुदत असते. संगणकातील लहान बॅटरी संपून तारीख काही वर्षे मागे गेली, तर वैध प्रमाणपत्रही अवैध ठरते. जुन्या उपकरणांत आणखी एक अडचण संभवते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एक बहुप्रचलित मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले आणि अद्ययावत न केलेल्या अनेक उपकरणांवर काही संकेतस्थळे उघडेनाशी झाली. तारीख दुरुस्त करणे व प्रणाली अद्ययावत करणे हे यावरील उपाय आहेत. प्रमाणपत्राविषयीची सूचना डावलून पुढे जाणे मात्र धोक्याचे आहे. विशेषतः बँकेच्या बाबतीत तसे कदापि करू नये.

नावावरून पत्ता

आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, परंतु यंत्रे एकमेकांस अंकी पत्त्याने ओळखतात. नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेस ‘डीएनएस’ म्हणतात. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिची रचना केली. तत्पूर्वी सर्व नावांची एकच यादी एका ठिकाणी ठेवलेली असे.

सेवापुरवठादाराचा डीएनएस एखाद्या नावाचा जुना पत्ता देत असेल किंवा उत्तरच देत नसेल, तर तेवढेच संकेतस्थळ अडते. प्रथम राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करावा. तेवढ्याने भागले नाही, तर संगणकाच्या मांडणीत डीएनएसचा पत्ता ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असा द्यावा. हे सर्वांसाठी खुले असलेले डीएनएस आहेत. यानंतर संकेतस्थळ उघडले, तर दोष नावाच्या पायरीवर होता हे सिद्ध होते.

आकाराची अडचण

कधी पानाचे शीर्षक दिसते, पण मजकूर येत नाही. लहान पाने उघडतात आणि मोठी अडकतात. येथे माहितीच्या तुकड्यांचा आकार हे कारण असू शकते. घरच्या जाळ्यात एक तुकडा सामान्यतः १५०० बाइटपर्यंतचा असतो. परंतु ‘पीपीपीओई’ पद्धतीच्या जोडणीत ८ बाइट वेष्टनासाठी खर्च होतात व १४९२ उरतात. त्याहून मोठा तुकडा आला, तर ‘लहान तुकडे पाठवा’ असा निरोप मागे जावयास हवा. वाटेतील एखाद्या यंत्राने तो निरोप अडविला, तर पाठविणारा मोठेच तुकडे पाठवीत राहतो व ते वाटेतच गळतात.

अशा जोडणीत राऊटरमधील ‘एमटीयू’ हा आकडा १४९२ आहे की नाही ते पाहावे. त्यानेही भागले नाही, तर तो थोडा थोडा कमी करून पाहावा. मूळ आकडा अगोदर लिहून ठेवावा.

दोन पत्तेपद्धती

इंटरनेटच्या जुन्या पत्तेपद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, सुमारे ४३० कोटीच पत्ते मावतात. म्हणून आयपीव्ही६ ही विशाल पद्धती आली. आज दोन्ही एकत्र नांदतात. नव्या पद्धतीचा मार्ग अर्धवट बिघडला, तर ज्या संकेतस्थळांना दोन्ही पत्ते आहेत ती उशिरा उघडतात किंवा उघडतच नाहीत. ज्यांना केवळ जुना पत्ता आहे, ती सुरळीत चालतात. संगणकावर आयपीव्ही६ तात्पुरते बंद केल्यावर फरक पडला, तर तसे सेवापुरवठादारास कळवावे आणि दुरुस्तीनंतर ते पुन्हा चालू करावे.

दोष घराबाहेर असेल तेव्हा

जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालील तारा तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. अशा वेळी देशातील संकेतस्थळे चालतात व परदेशातील रखडतात. काही संकेतस्थळे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९अ अन्वये शासनाच्या आदेशाने बंद केलेली असतात. तो बिघाड नव्हे.

इतर बाबतींत सेवापुरवठादाराकडे तक्रार करावी. ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगितल्यास तपासणीस ‘वाहिनी चालू आहे’ असे सांगून तक्रार बंद करतो. म्हणून संकेतस्थळाचे नाव, दिनांक व वेळ, पडद्यावरील संदेश, मोबाईल डेटावर आलेला अनुभव आणि केलेले उपाय हे सर्व सांगावे व तक्रार क्रमांक मागून घ्यावा. निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.

तक्रारीसाठीचा दूरध्वनी क्रमांक देयकावरूनच घ्यावा. शोधयंत्रात सापडलेल्या क्रमांकांपैकी काही भामट्यांचे असतात. दुरुस्तीच्या निमित्ताने संगणकाचा ताबा किंवा ओटीपी मागणाऱ्यास तो देऊ नये. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

अर्जाची मुदत जवळ असेल, तर निदान पुरे होण्याची वाट पाहू नये. मोबाईल डेटावर संकेतस्थळ उघडते असे पहिल्या तुलनेत दिसले, की मोबाईलचे हॉटस्पॉट संगणकास जोडून प्रथम अर्ज दाखल करावा. विद्यार्थ्याचे वर्ष वाचविणे हे पहिले काम होय; राऊटरचा दोष दुसऱ्या दिवशी सकाळीही शोधता येतो.