शेताचा जमाखर्च शास्त्रज्ञ कसा मांडतात?

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटच्या शिवारात पेरणीपासून कापणीपर्यंत जे ऊन पडते, त्यापैकी पिकात किती उतरते? हा प्रश्न आमच्या विद्यार्थी मित्रांना कोड्यासारखा वाटेल. परंतु शास्त्रज्ञांनी तो तराजू घेऊन सोडविला आहे.

इ. स. १९२६ मध्ये अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर ट्रान्सो यांनी इलिनॉय प्रांतातील एक एकर मक्याचा हिशेब मांडला. दहा हजार ताटे व शंभर दिवसांचा हंगाम. वाळलेल्या ताटांतील कर्बावरून तयार झालेली साखर काढली व ताटांनी श्वसनात खर्च केलेली साखर तीत मिळविली. शेतावर पडलेल्या ऊर्जेपैकी अवघी १.६ टक्के अन्नात साठली होती! ४४ टक्क्यांहून अधिक ऊर्जा पानांतील पाण्याची वाफ होण्यात गेली. साठलेल्या साखरेतूनही सुमारे चौथा हिस्सा मक्यानेच श्वसनात वापरला. उरलेले कडब्यात व दाण्यात. बैल कडबा खातो, औत ओढतो, त्याचे अंग तापते. ती ऊब शेतात परत येत नाही. ऊर्जेची वाट एकेरी आहे.

नत्र, स्फुरद, पालाश यांचे तसे नाही. ही पोषणद्रव्ये मातीतून पिकात, पिकातून गुरांत, शेणातून पुन्हा मातीत फिरतात. म्हणून त्यांचा हिशेब वेगळ्या रीतीने करतात. हबर्ड ब्रुक (न्यू हॅम्पशायर) येथील जंगलात बोरमन व लायकेन्स यांनी १९६३ पासून ओढ्यांच्या तोंडाशी खाचेच्या भिंती बांधून वाहून जाणारे पाणी मोजले. पावसातून काय आले व ओढ्यातून काय गेले, दोन्ही बाटल्यांत भरून तपासले. १९६५ च्या हिवाळ्यात एका ओढ्यावरील सर्व झाडे तोडली आणि पुढे तीन वर्षे औषध मारून काही उगवू दिले नाही. ओढ्यातील नायट्रेट पहिल्या वर्षी ४१ पट, दुसऱ्या वर्षी ५६ पट झाले. मुळे नाहीत, तर धरून ठेवणार कोण?

आता आपल्या बांधावर येऊ. मिरची बाजारात जाते, तिच्याबरोबर मातीतले द्रव्यही जाते. कपाशीच्या काड्या चुलीत जातात, शेणाच्या गोवऱ्या होतात. जळताना नत्र हवेत निघून जाते. राखेत स्फुरद-पालाश उरते, पण ती राख उकिरड्यावर नेऊन टाकली तरच शेतास मिळते. ज्या घरी दुसरे सरपण नाही, त्या माउलीस आम्ही दोष देणार नाही. मात्र पुढे खताच्या गोणीसाठी कर्ज काढावे लागते, तेव्हा त्या कर्जात चुलीचाही वाटा असतो.

विद्यार्थ्यांनी पहिल्या मोठ्या पावसात शेताच्या सांडीवर लिटरभर पाणी धरावे. गाळ बसू द्यावा, वाळवून तोलावा. वर राहिलेले पाणी मात्र निव्वळ म्हणून फेकू नये. नायट्रेट विरघळलेले असते व डोळ्यांस दिसत नाही. ते तपासण्यास रासायनिक चाचणी लागते.