‘यांना सवय असते’ म्हणू नकोस

अगं, पहिल्यांदाच सरकारी दवाखान्यात रुजू होतेयस, म्हणून आधीच सांगून ठेवते. दिवाळीच्या आगेमागे आपल्या लोणी भापकरच्या आसपास ऊसतोड्यांच्या कोप्या पडायला लागतात. सोमेश्वर, माळेगाव, तिकडे इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, सगळ्या कारखान्यांना बीडकडचे कोयते येतात. त्यातली एखादी बाई तुझ्यापुढे येईल आणि ‘कंबर लई दुखतीया’ एवढंच म्हणेल. मागून कुणीतरी म्हणेलच, “काटक असतात गं, यांना सवय असते.” ते कानाआड कर. उचल डोक्यावर, खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, मग ती दुखणं सांगत बसेल का?

अमेरिकेतही हेच आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की, डॉक्टरकी शिकणाऱ्या जवळजवळ निम्म्या गोऱ्या मुलामुलींना काळ्या माणसांच्या शरीराबद्दल एखादा तरी खोटा समज खरा वाटत होता. त्यांची कातडी जाड असते, असासुद्धा! आणि असे समज बाळगणारे काळ्या रुग्णाचं दुखणं कमी धरत होते, उपचारही कमी अचूक सुचवत होते. एवढी शिकलेली माणसं ही! आपल्याकडे रंगाऐवजी जात बघतात, हातातला कोयता बघतात.

बीडचं तर तुला ठाऊकच आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडे आले: ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. अंगावरून पांढरं जातंय, पाळीत ओटीपोट दुखतंय, अशा तक्रारी. पुष्कळदा गोळ्यांनी आवरणारं दुखणं. पण कितीजणींना ‘कॅन्सर होईल’ म्हणून घाबरवलं. मला याचा फार राग येतो. दुखणं नीट ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता, पिशवी काढायला मात्र होता.

म्हणून कमरेची तक्रार आली की आधी विचार, पिशवी काढलीय का, आणि कितव्या वर्षी? लहान वयात बीजांडकोशही गेले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात. ते ‘कामाने दुखतंय’ म्हणून सोडून देऊ नकोस.

‘किती दुखतंय’ विचारलंस तर ती ‘थोडं’च म्हणणार. त्यापेक्षा मोळी उचलवते का, रात्री झोप लागते का, लघवीला जळजळतं का, असं विचार. मुकादम सोबत आला तर त्याला बाहेर बसव. नवऱ्यालाही. पोटाला हात लावून बघ. कपडे मळके म्हणून लांबूनच चिठ्ठी लिहिणारे मी पाहिलेत. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिही, म्हणजे पुढच्या दवाखान्यात तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार नाही. सोनोग्राफी लागली तर बारामतीला पाठव, पण कुणाबरोबर जाणार तेही विचार.

मी आशा कार्यकर्ती म्हणून कोप्यांवर जातेच, सोबत कुणी नसेल तर मला फोन कर, मी नेईन तिला. आणि गोळ्यांचा कोर्स पुरा एकदम हातात दे गं. दोन दिवसांनी फड हलला की ती कुठल्या गावात असेल, तिलाही माहीत नसतं.