भिंत आणि मागचे चाक

(द्वितीय वर्ष, कला)

“बी. ए.च्या मुलाने सायकलवर काय लिहायचे?” वार्षिकाला लेख देतो म्हटल्यावर एका मित्राने मला विचारले. प्रश्न रास्त होता. पण गेल्या दीड वर्षात मी ज्या एका गोष्टीचा मनापासून अभ्यास केला, ती गोष्ट सायकलच आहे. सायकलने उभी भिंत कशी चढावी, हा माझ्या अभ्यासाचा विषय. पुस्तकांचा अभ्यास कसा करावा हेही मी त्यातूनच शिकलो, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो आहे.

पनवेलकरांना सायकलची शर्यत नवी नाही. मुंबई-पुणे शर्यतीतले स्वार आपल्या जुन्या महामार्गाने जाऊन बोरघाट चढत. ती शर्यत वेगाची. मी म्हणतो तो खेळ निराळा. त्याला ‘सायकल ट्रायल’ म्हणतात. दगड, ओंडके, ओटे आणि भिंती अशा अडथळ्यांवरून सायकल न्यायची, पण पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. जुन्या नियमाप्रमाणे पाय टेकला की एक गुण दंड, अडथळा पारच झाला नाही तर पाच गुण. ज्याचा दंड सर्वांत कमी तो विजयी. घाई करून येथे काही मिळत नाही.

या खेळाचा उगम मोटारसायकलीत आहे. स्कॉटलंडमध्ये १९०९ पासून डोंगरदऱ्यांतून मोटारसायकलींची अशी परीक्षा होत आली. पुढे १९७०च्या दशकात स्पेनमधल्या पेद्रो पी या मोटारसायकलस्वाराने आपल्या लहान मुलासाठी, ओतसाठी, याच धर्तीची सायकल तयार केली. तिकडे या खेळाला ‘ट्रायलसिन’ असे नाव पडले. स्पॅनिश भाषेत ‘सिन’ म्हणजे ‘शिवाय’, इंजिनाशिवायची ट्रायल. हाच ओत पी पुढे जगज्जेता झाला. १९८६ पासून या खेळाच्या जागतिक स्पर्धा होत आहेत. २००९ मध्ये डॅनी मॅकॅस्किल या स्कॉटिश तरुणाने एडिंबरो शहरातल्या भिंतींवर आणि कुंपणांवर सायकल चालवली. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. मीही ती पाहिली आणि तेथून माझे बिघडले!

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील तळोज्याच्या एका कारखान्यात रात्रपाळीचे रखवालदार आहेत. ते रोज संध्याकाळी सायकलने कामावर जातात. घरात सायकल ती एकच. दुपारी बाबा झोपले की मी ती काढायचो आणि आळीच्या टोकाला एका पडक्या घराचे जोते आहे तेथे न्यायचो. माझी समजूत अशी, की वेगाने जायचे, हँडल ओढून पुढचे चाक जोत्यावर टाकायचे, मागचे आपोआप येईल. पाचव्या-सहाव्या खेपेला चाक पुरेसे उचलले गेले नाही. ते कडेवर आदळले, चिमटा मागे वाकला आणि मी हँडलवरून जोत्यावर पडलो. हनुवटीला तीन टाके पडले.

त्या संध्याकाळी बाबा पायी निघाले. पुढे कुठेतरी त्यांना रिक्षा मिळाली असावी. तिचे पैसे किती झाले हे त्यांनी सांगितले नाही आणि विचारण्याचे मला धैर्य झाले नाही. पुढचे चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी सायकल दुरुस्त होऊन आली तेव्हा ते एवढेच म्हणाले, “सायकल दुरुस्त होल, दात पुन्ना येनार नाय. आदी उतराला शिक, मंग चढाचं बघ.”

मग त्यांनी त्यांच्या लहानपणचा सायकलवाला सांगितला. वाचकांपैकी काहींच्या वडीलधाऱ्यांनीही तो पाहिला असेल. गावाच्या मैदानात रिंगण आखून हा माणूस सात सात दिवस सायकलवरून उतरत नसे. सायकलवरच जेवे, सायकलवरच अंघोळ करी, एका चाकावर चाले, जमिनीवरची नोट तोंडाने उचली. बाबा सांगत होते, “सगली लोका त्याची कसरत बघत, मी तो परताना कसा परतो ते बघी.” स्पेन आणि स्कॉटलंडची नावे मला पाठ होती, पण आपल्याच मातीतला हा ट्रायलवाला मला ठाऊक नव्हता!

बाबांच्या सायकलला पुन्हा हात लावायचा नाही असे मी ठरवले. सुटीत हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासण्याचे काम केले. त्या पैशांतून भंगारवाल्याकडून एक जुनी रेंजर घेतली. येथून माझा खरा अभ्यास सुरू झाला.

पहिला धडा दात्यांचा. साध्या रेंजरला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पाच मीटर जाते. रस्त्यावर हे सोयीचे, पण भिंतीपुढे पाय जड पडतो. ट्रायलच्या २६ इंची सायकलला पुढे २२ आणि मागे १८ दाते असतात. एका फेऱ्यात अडीच मीटर. म्हणजे पाय अर्ध्या ताकदीत झटका देऊ शकतो. आमच्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी लहान मुलांच्या सायकलीचे ३२ दात्यांचे चक्र बसवून दिले. कॅरिअर आणि मडगार्ड काढले, सीट अगदी खाली घेतली, मागचा ब्रेक कडक केला.

दुसरा धडा उतरण्याचा. सहा इंचांच्या पायरीवरून मागच्या चाकावर उतरायचे, गुडघे वाकवून धक्का अंगात घ्यायचा. तोल गेला तर सायकल सोडून मागे पायांवर उभे राहायचे. यात एक महिना गेला. पण उतरता येऊ लागले आणि भीती निम्मी झाली.

तिसरा धडा १३ इंचांचा. मी विटांचे थर रचून उंची वाढवत होतो. १२ इंच तीन आठवड्यांत जमले, १६ इंचांना मात्र चार महिने लागले. फरक चारच इंचांचा, मग असे का? उत्तर कागदावर आकृती काढली तेव्हा सापडले. २६ इंची चाकाचा आस जमिनीपासून १३ इंचांवर असतो. अडथळ्याची कड आसाच्या खाली असेल तोवर चाक कडेवरून वर लोळू शकते. कड आसाच्या वर गेली की चाकासमोर सपाट भिंत येते. मग कितीही जोराने पुढे ढकला, चाक वर जात नाही. ताकदीचा उपयोग तेथे संपतो आणि युक्तीचा सुरू होतो.

ती युक्ती अशी. भिंतीकडे सरळ आणि सावकाश जायचे. एक सायकलभर अंतर उरले की खाली दबायचे, हात ताणून हँडल मागे ओढायचे आणि त्याच क्षणी पुढच्या पायाने पायडलला झटका द्यायचा. पुढचे चाक भिंतीला न शिवता कडेच्या वर जाते. आता पाय ताठ करून अंग वर फेकायचे. माझे वजन ५५ किलो, सायकलचे सुमारे १८. तेव्हा आधी वर जायला हवे ते अंग. मागचे चाक जमीन सोडते आणि कडेच्या जरा खाली भिंतीवर आदळते. हे आदळणे चुकवायचे नाही! टायर भिंतीवर दाबला जातो तेवढा क्षणच त्याला पकड मिळते. पायडलचा जोर त्या क्षणी लागला तर चाक भिंतीवर चढते. लगेच गुडघे पोटाशी घ्यायचे, हँडल पुढे ढकलायचे, वर पोचताच मागचा ब्रेक दाबायचा.

हे सारे एका सेकंदात घडते. म्हणून मी त्याचे तुकडे केले. एक आठवडा नुसते पुढचे चाक उचलणे, एक आठवडा नुसते मागचे चाक भिंतीवर आपटून परत खाली येणे. माझी चूक बहुतेक वेळा एकच असे. भिंत जवळ आली की बोटे नकळत ब्रेकवर जात. चाक थांबलेले असताना भिंतीला लागले की ते फक्त घसरते. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या पेपरात माझे असेच झाले होते. प्रश्न येत होता. पण तो जवळ येताच मी थांबलो.

गेल्या माघात, एका रविवारी सकाळी मी ते जोते चढलो. उंची १७ इंच. जाणकार स्वार हसतील अशीच ही उंची आहे. ते याच्या दुपटीहून अधिक चढतात. बाबा रात्रपाळीहून परतत होते. त्यांनी सायकल थांबवली, एक पाय जमिनीला टेकला आणि म्हणाले, “उतरून दाखव.” मी मागच्या चाकावर उतरलो. ते काही बोलले नाहीत. मान हलवून घरी गेले.

ज्यांना हे शिकायचे आहे त्यांना दोन विनंत्या. हेल्मेट आणि नडगीला जाड पट्ट्या असल्याशिवाय सुरुवात करू नका. आणि वडाळे तलावाचा काठ, कर्नाळ्याचा तट किंवा देवळाची पायरी यांवर हा प्रयोग करू नका. चार विटा पुरतात.

मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मला आता देता येईल. पुढचे चाक वर गेले की पाहणाऱ्यांना वाटते, स्वार चढला. पण खरी भिंत मागच्या चाकाला लागते. घरातला पहिला मुलगा महाविद्यालयात गेला, तेव्हा आमचे पुढचे चाक वर गेले. मागचे अजून यायचे आहे. तेव्हा ब्रेकवर बोट जाऊ द्यायचे नाही, एवढे मी ठरवले आहे.