रेमोचे गाणे, घरची गिटार

कट्टा, ता. मालवण

चि. भाच्यास,

गोवेकर गायक रेमो फर्नांडिसची गाणी नुसत्या गिटारवर ध्वनिमुद्रित करायची, तर आधी त्याच्या शिवोलीच्या घरात डोकावणे योग्य. १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट रेमोने बार्देशातल्या या गावी, घरातच, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर तयार केली. गाणी त्याची, वाद्ये वाजवणारा तोच, गाणाराही तोच. आणि तयार माल स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवणाराही तोच. आर्किटेक्ट होण्यासाठी मुंबईच्या जे. जे.त शिकलेल्या माणसाने हा उद्योग केला, हे घरच्यांना सांगण्यासारखे आहे.

चार ट्रॅक म्हणजे एकाच फितीवर शेजारी शेजारी चार पट्टे. तीन भरले की ते मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि तीन पुन्हा मोकळे करायचे. प्रत्येक उतरवणीत फितीची सरसर वाढते, आणि एकदा मिसळलेले परत सुटे होत नाही. त्यामुळे कोणते वाद्य कशासाठी, हे वाजवण्याआधीच ठरवावे लागे. आज मोबाइलमध्येही हवे तितके ट्रॅक मिळतात, म्हणून ते ठरवणे लांबणीवर पडते आणि गाण्याची भेळ होते. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२मध्ये अशाच चार ट्रॅकच्या यंत्रावर घरी गाणी कच्ची म्हणून उतरवली. पुढे बँडला घेऊन ती पुन्हा वाजवून पाहिली, पण कच्च्यातली जान पक्क्यात येईना. शेवटी ती घरचीच फीत ‘नेब्रास्का’ या नावाने बाजारात आली.

गाणे निवडताना एक कसोटी पुरते. गिटार बाजूला ठेवून, मांडीवर ठेका धरून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणावे. शब्द आणि चाल यांच्यावर ते उभे राहिले तर घ्यावे; ड्रम आणि बेसचा आधार काढताच आडवे झाले तर आवडते असूनही सोडावे. रेमोची काही गाणी ठेक्यावरच जगतात, त्यांना सहा तारांत कोंबण्यात अर्थ नाही. निवडलेले गाणे कानाने उतरवावे. इंटरनेटवर मिळणारे कॉर्ड पुष्कळदा चुकीचे असतात, आणि बरोबर असले तरी कान तयार होत नाही. वेग पाऊणपट करून ऐकले की बेसचा सूर वेगळा कळतो आणि त्यावरून कॉर्ड सापडतो. रेमो बासरीही वाजवतो. बासरीची ओळ गाण्याचा भागच असेल तर ती गिटारच्या वरच्या सुराच्या दोन तारांवर आणावी. नुसती सजावट असेल तर तिथे मोकळी जागा ठेवावी. एवढे झाले की मूळ रेकॉर्ड महिनाभर ऐकू नये. नाहीतर गाणारा रेमोच्या श्वासाच्या जागासुद्धा उचलतो आणि हाती फक्त नक्कल उरते. १९८५च्या ‘ओल्ड गोअन गोल्ड’ या संग्रहात खुद्द रेमोनेच जुन्या गोवेकर गाण्यांना आपला साज चढवला. दुसऱ्याचे गाणे आपलेसे करून कसे मांडावे, याचा याहून जवळचा धडा मालवणकराला मिळणार नाही.

पट्टी स्वतःच्या गळ्याची. दशावतारात पेटीवाला नटाचा गळा पाहून पट्टी धरतो, तेच इथे करावे. सर्वांत वरचा सूर न ओरडता आणि सर्वांत खालचा न पुटपुटता लागला, की पट्टी जमली. गिटारच्या दांड्यावर लावायचा चिमटा, कॅपो, त्यासाठीच असतो. उच्चारही आपलेच ठेवावेत. मालवणी जिभेने उसना गोवेकर हेल काढला की दुसऱ्या ओळीतच उघडे पडते.

हवेचा प्रश्न मोठा आहे. गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणात पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर जाते. लाकूड फुगते, वरची फळी किंचित उचलली जाते, तारा फ्रेटपासून दूर जातात आणि बोटे दुखू लागतात. गिटार केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. भिंतीला टांगू नये, कारण चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते. खाऱ्या हवेत तारा लवकर काळवंडतात, म्हणून वाजवून झाल्यावर त्या सुती फडक्याने पुसाव्यात. नव्या तारा ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी चढवाव्यात; त्याच दिवशी चढवल्या तर त्या ताणत राहतात आणि दर कडव्याला सूर उतरतो.

जागेसाठी माजघर बरे. स्लॅबच्या घरातली टाइल्स लावलेली खोली आवाज परत फेकते. शेणाने सारवलेली जमीन, लाकडी माळा, कपड्यांचे कपाट आणि दोरीवर टाकलेल्या दोन गोधड्या एवढ्याने घुमारा आटोक्यात येतो. पावसात कौलांखाली काही होत नाही, आणि पाऊस थांबला की बेडूक सुरू होतात. म्हणून मुद्रणाचे काम दिवाळीनंतर काढावे. रात्री, रस्त्यावरच्या गाड्या थांबल्यावर बसावे. पंखा बंद, आणि फ्रिजसुद्धा. फ्रिजची घरघर कानाला सवयीची असते, माइकला नसते. प्लग काढताना मोटारसायकलची चावी फ्रिजमध्ये ठेवून द्यावी. सकाळी चावी शोधताना तरी प्लग आठवतो, नाहीतर आत ठेवलेल्या बांगड्यांचा जाब आईला द्यावा लागतो.

माइक गिटारच्या भोकासमोर धरणे ही नवख्याची हमखास चूक. तिथून हवा बाहेर फेकली जाते आणि सगळे गुमगुमते. बाराव्या फ्रेटच्या रोखाने, सुमारे वीतभर अंतरावर माइक ठेवून सुरुवात करावी, मग कानाने पुढे-मागे सरकवावा. आवाजाची पातळी इतकीच ठेवावी की सर्वांत जोराच्या जागीही काटा लाल रंगापासून दूर राहील. डिजिटल मुद्रणात हळू आलेले वाढवता येते, फाटलेले सांधता येत नाही. गिटार आणि गळा एकदम घ्यायचे की वेगवेगळे, यावर वाद आहे. वेगवेगळे घेतले तर चुका दुरुस्त करणे सोपे. एकदम घेतले तर ठेका गाणाऱ्याबरोबर श्वास घेतो. साध्या गाण्याला एकदम घेणेच शोभते. सहा-सात टेकनंतर गाणे सुधारत नाही, थकते. तारीख, कॅपोचा फ्रेट, माइकचे अंतर आणि तारांचा प्रकार वहीत टिपून ठेवावा. पंधरा दिवसांनी एकच ओळ बदलायची झाली तर तोच आवाज पुन्हा हवा असतो.

गाणे बाहेर काढण्याआधी कायदा पाहावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ३१क घातले गेले. मूळ गाणे प्रथम मुद्रित झाले ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांनी त्याचे कव्हर, म्हणजे दुसऱ्याने केलेले नवे मुद्रण, काढता येते. मात्र आगाऊ सूचना आणि स्वामित्वशुल्क द्यावे लागते, आणि ते दर वर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने. शब्दांत आणि चालीत मनमानी बदल चालत नाहीत. घरून गाणाऱ्याला हे झेपण्यासारखे नाही, म्हणून विक्रीचा विचार असेल तर हक्कदाराची सरळ परवानगी मागावी. व्हिडिओ काढायचा तर चित्रासह वापराची परवानगी वेगळी. यूट्यूबवर हक्कदाराने गाणे ओळखले तर तो जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवू शकतो किंवा व्हिडिओ बंदही करू शकतो, त्याबद्दल रुसून चालत नाही. शीर्षकातच ‘कव्हर’ हा शब्द असावा, खाली गीतकार-संगीतकार म्हणून रेमो फर्नांडिसचे नाव यावे, आणि गाणाऱ्याचे त्याच्यानंतर.

तुझा मामा