अवरक्त किरणांनी सृष्टिदर्शन: पापनाशमच्या भातशेतीतील एक पाठ

मनुष्याच्या नेत्रास जो प्रकाश दिसतो, तो सूर्यापासून येणाऱ्या किरणांचा केवळ एक लहानसा पट्टा होय. जांभळ्या रंगाच्या सुमारे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपासून तांबड्या रंगाच्या सुमारे ७०० नॅनोमीटरपर्यंत तो पसरलेला असतो. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) तांबड्याच्या पलीकडे काय आहे, या प्रश्नाचे पहिले उत्तर विल्यम हर्शेल याने १८०० साली दिले. लोलकाने पाडलेल्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या बाहेर, जेथे डोळ्यास काहीच दिसत नव्हते, तेथे त्याने तापमापक ठेवला आणि पारा वर चढला. या अदृश्य किरणांना अवरक्त किरण म्हणतात. पुढे १९१० साली रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने या किरणांनी घेतलेली निसर्गदृश्ये प्रसिद्ध केली. त्यांत झाडांची पाने हिमासारखी शुभ्र, तर आकाश काळे दिसत होते.

पाने शुभ्र का दिसतात? पानातील हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते, थोडा हिरवा परत पाठविते. म्हणून पान आपणांस हिरवे दिसते. अवरक्त किरण मात्र हरितद्रव्य शोषीत नाही. ते पानाच्या आतील सच्छिद्र भागात शिरतात, पेशी आणि त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर वारंवार वळतात, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे परत बाहेर पडतात. आकाशाचे कारण वेगळे आहे. हवेच्या रेणूंकडून ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७५० नॅनोमीटरच्या किरणांपेक्षा सुमारे पावणेआठ पट अधिक विखुरला जातो. म्हणून निरभ्र आकाशातून अवरक्त किरण फारच थोडे येतात. पाणी तर त्यांना शोषूनच घेते.

या तिन्ही गोष्टी एकत्र पाहावयास तंजावर जिल्ह्यातील पापनाशमसारखे स्थान क्वचितच मिळेल. तंजावर व कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हे गाव वसले आहे. ज्या तंजावरावर १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याचे राज्य होते, तो हा मुलूख मराठी वाचकांस परका नाही. सभोवार भाताची खाचरे, पाटांचे पाणी, बांधावर माड व केळी. गावाजवळच्या पालैवननाथ मंदिरातील नायककालीन विटांचे प्रचंड धान्यकोठार येथील भूमीच्या सुपीकतेची साक्ष देते. सांबा हंगामाचे भात ईशान्य मोसमी पावसानंतर, डिसेंबरच्या सुमारास हिरवेगार उभे असते. अवरक्त छायाचित्रात हीच खाचरे पांढरी, पाट काजळासारखे काळे आणि आकाश गडद उमटते.

या कामास मध्यम आकाराच्या फिल्मचे जुने कॅमेरे विशेष सोयीचे आहेत. १२० क्रमांकाची फिल्म १९०१ पासून प्रचारात आहे. सहा सेंटिमीटर चौरसाची बारा चित्रे तिच्यावर येतात. १९२९ साली निघालेल्या रोलायफ्लेक्ससारख्या जुळ्या भिंगांच्या कॅमेऱ्यात वरच्या भिंगातून दृश्य पाहावयाचे असते व खालच्या भिंगातून चित्र घ्यावयाचे असते. त्यामुळे खालच्या भिंगावर ७२० नॅनोमीटरखालील प्रकाश अडविणारा, डोळ्यास जवळजवळ काळा दिसणारा फिल्टर चढविला, तरी दृश्य पाहण्यास अडथळा येत नाही. कोडॅकची हाय-स्पीड इन्फ्रारेड फिल्म २००७ साली बंद झाली. त्यानंतर छायाचित्रकार मुख्यतः इल्फर्ड एस.एफ.एक्स. २०० आणि रोलाय इन्फ्रारेड ४०० या फिल्मांवर विसंबून राहिले. पहिलीची संवेदनक्षमता सुमारे ७४० नॅनोमीटरपर्यंत, तर दुसरीची सुमारे ८२० पर्यंत पोहोचते.

प्रयोग करणाऱ्याने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली: फिल्म सावलीत, शक्य तर अंधारात भरावी. घडीच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर आकडे पाहण्यासाठी तांबडी खिडकी असते. तिच्यावर काळी पट्टी चिकटवावी, कारण तांबडी काच या किरणांना अडवीत नाही.

दुसरी: अवरक्त किरण भिंगामागे किंचित दूर एकत्र येतात. ८० मिलिमीटर भिंगास हा फरक सुमारे ०.२ मिलिमीटर असतो. म्हणून भिंगावर तांबडी खूण असल्यास अंतर तिच्याशी जुळवावे. नसल्यास द्वार एफ ११ किंवा एफ १६ पर्यंत लहान करावे.

तिसरी: सामान्य प्रकाशमापक या किरणांचे नेमके माप देत नाही. भर उन्हात एफ ११ वर १/१५ सेकंदापासून आरंभ करून १/३०, १/८ व १/४ सेकंद अशीही चित्रे घ्यावीत. तिवई अवश्य हवी. वाऱ्याने भाताची पाती हलतात, म्हणून वारा पडलेला असेल अशी वेळ निवडावी. मात्र धुके असताना थांबावे. धुक्याचे जलकण या किरणांच्या तरंगलांबीहून पुष्कळ मोठे असल्याने अवरक्त किरणही त्यांतून सरळ पार होत नाहीत.

आता चित्राचा अर्थ कसा लावावा, हा खरा प्रश्न. ही फिल्म उष्णता टिपते, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. साधारण तापमानाच्या वस्तूंतून बाहेर पडणारी उष्णता मुख्यतः १०,००० नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांची असते. तेथवर ही फिल्म पोहोचत नाही. ती परावर्तित सूर्यकिरणच टिपते. तसेच जे पांढरे दिसते ते निरोगीच असते, असेही नव्हे. कापणीनंतरचा वाळका पेंढाही अवरक्त चित्रात उजळ दिसतो. यास्तव दुसऱ्या कॅमेऱ्यात साधी कृष्णधवल फिल्म घालून, तांबड्या फिल्टरमधून त्याच दृश्याचे दुसरे चित्र घ्यावे. पेंढा दोन्ही चित्रांत उजळ येईल. हिरवे पान तांबड्या चित्रात गडद व अवरक्त चित्रात उजळ येईल. हा विरोध जेथे स्पष्ट, तेथे हरितद्रव्य भरपूर. जेथे तो मंदावला, तेथे पीक विरळ, पक्व होत आलेले किंवा पीडित असावे. निश्चित कारण मात्र शेतात जाऊन, मूळ व पान पाहूनच ठरवावे लागते.

हेच तत्त्व भारतात १९७० साली कामी आले. पुण्याच्या उष्णकटिबंधीय मौसम विज्ञान संस्थेचे पहिले संचालक असलेले डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली केरळातील माडांची अवरक्त रंगीत फिल्मवर आकाशातून छायाचित्रे घेण्यात आली. मूळकूज रोगाने ग्रासलेले माड निरोगी माडांहून वेगळे ओळखता येतात का, हे पाहावयाचे होते. आणि ते ओळखता येतात असे दिसून आले. माडाच्या उत्पन्नावर ज्यांचा संसार चालतो, त्यांच्या दृष्टीने हा भेद केवळ रंगाचा नव्हता. भारतातील दूरसंवेदनाचा आरंभ या प्रयोगापासून मानला जातो. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आय.आर.एस.-१ए या उपग्रहाच्या कॅमेऱ्यांतही तांबडा व निकट-अवरक्त असे दोन स्वतंत्र पट्टे होते.

बांधावर तिवई रोवून दोन चित्रे शेजारी ठेवणारा विद्यार्थी तेच मोजमाप लहान प्रमाणात करीत असतो. त्याने प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, द्वार, अवधी आणि पिकाची अवस्था वहीत टिपून ठेवावी. या नोंदी असतील तरच एका हंगामाच्या चित्राची दुसऱ्याशी तुलना करता येईल.